ऑस्ट्रेलियाला निघालेली कासूची गाडी

मी महिपतीची गाडी बोलतेय. चार दारं, दोन गोल दिवे, गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला आणि रंग एकेकाळी पांढरा. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. कासू स्टेशनावर उतरून कोणालाही विचारा, हात करून दाखवील, "ती काय, आंब्याखाली उभी हाय."

जन्म माझा कुर्ल्याच्या कारखान्यातला. त्या काळी गाडी म्हणजे गेलो आणि घेऊन आलो, असं नव्हतं. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. पेणच्या एका डॉक्टरांनी माझ्यासाठी नंबर लावला तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. मी दारात आले तेव्हा ती पाटी घेऊन शाळेत निघाली होती. मला चालवायला डॉक्टरांनी कासूचा एक तरणा गडी ठेवला. तोच महिपती. पहिल्या दिवशी आत बसताना त्यानं चपला बाहेर काढल्या. डॉक्टर पोट धरून हसले, पण माझं तेव्हाच ठरलं, हा माणूस आपला.

पुढं डॉक्टर थकले, त्यांचे डोळे गेले, तेव्हा त्यांनी मला महिपतीच्या नावावर करून दिलं. मग काय विचारता! पेण ते रोहा माझ्या पायाला भिंगरी. भाताच्या गोणी नेल्या, वालाची पोती नेली, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. चतुर्थीच्या आधी पेणहून गणपती आणायचे, तेव्हा मांडीवर मूर्ती घेतलेली माणसं श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. खड्डा आला की महिपतीच आधी "आई गं" म्हणायचा.

नवऱ्या तर किती आणल्या! त्यातलीच एक गागोद्याची गिरजा, महिपतीची स्वतःची. वाटभर रडत होती. मध्येच डोळे पुसून तिनं विचारलं, "ह्या गाडीला पंखा नाय व्हय?" तिथून पुढं संसारात कोण बोलणार आणि कोण ऐकणार, ते मला कळून चुकलं.

त्यांचा एकुलता एक दिनानाथ माझ्या मागच्या सीटवर वाढला. शिकला, इंजिनीअर झाला, ऑस्ट्रेलियात ॲडलेड नावाच्या गावी गेला, तिकडंच त्यानं घर केलं. त्याला मुलगी झाली. इकडं ही दोघं म्हातारी होत चालली आणि तिकडं त्याचा जीव टांगणीला. मागच्या वर्षी सुट्टीला आला तेव्हा ओटीवर बसून म्हणाला, "बाबा, आता पुरे. दोघंही चला माझ्याकडं. कायमचे."

गिरजाबाईचा चेहरा दिव्यासारखा उजळला. महिपतीनं माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "माजी गाडी नेशील तर येतो."

त्याला वाटलं, झालं, विषय मिटला. असली खटारा गाडी सातासमुद्रापार कोण नेतो! पण पोरगं माझ्या सीटवर वाढलेलं. त्यानं बापाचा शब्द खरा धरला.

ॲडलेडला परत जाऊन तो फोनवर एकेक नियम वाचून दाखवायला लागला. महिपती मला टेकून ऐकायचा.

"येवढी म्हातारी गाडी कोन घेतंय तिकडं?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"अहो, म्हातारी हाय म्हणूनच घेतायत. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला सवलत असते. नवी असती तर नखरे जास्त केले असते."

"पन तिकडं उलट्या बाजूनं हाकतात ना?"

"नाय बाबा. आपल्यासारखंच डाव्या बाजूनं. स्टिअरिंगपण उजवीकडंच."

गाडी बोटीवर चढवायच्या आधी तिकडच्या सरकारची परवानगी हवी, नाहीतर बंदरावरूनच उलटी धाडतात. महिपतीनं देव पाण्यात घातले असतील, पण परवानगी आली. मग निघालं ॲस्बेस्टॉस. माझ्या वयाच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, इंजिनाच्या पॅकिंगमध्ये ते असायचं. त्याची धूळ छातीत बसली की माणूस खोकून खोकून जातो, म्हणून तिकडं त्याला सक्त बंदी. रोह्याच्या काळुराम मिस्त्रीनं मला उघडी केली, सगळं काढून नवं घातलं. नव्या मालाचे तुकडे मुंबईला तपासायला गेले, दाखला आला की आता काही नाही.

"महिपतीदा," काळुराम हात पुसत म्हणाला, "गाडीची तब्येत तुज्यापरीस बरी झाली."

महिपती हसला नाही. गाडीच्या एसीत कुठला गॅस आहे, हेही तिकडं कळवायचं होतं. गिरजाबाई फोनवर दिनानाथला म्हणाल्या, "लिही, काच खाली केली की एसी." सगळी हसली. हा तेव्हाही नाही. प्रत्येक अडचण सुटली की तो माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा, आणि तो हात गार लागायचा. मी तेव्हाच ओळखलं. ह्याला यायचं नाहीये. त्यानं माझं नाव पुढं केलंय.

आणि का यावं त्यानं? कासूपासून कोलाडपर्यंत हा दिसला की चहाचा टपरीवाला ग्लास विसळायला घेतो. तिकडं रस्ता ओलांडायचा तर पोराला विचारायचं.

शेवटचा नियम मातीचा. गाडीला मातीचा कण नको, बियाणं नको, किडा नको. सापडलं तर धुऊन घेतात, नाहीतर परत पाठवतात. दिनानाथ मला न्यायला रजा काढून आला, तोवर गिरजाबाईंनी पदर खोचला होता. माझ्या सीट बाहेर काढल्या, सूप घेतलं, केसांतला आकडा घेतला, कोंबडीचं पीस घेतलं, आणि तांदूळ निवडावेत तशी मला निवडली. फटीफटीतून अक्षता निघाल्या. वाल निघाले, बांगडीची काच निघाली, डिकीच्या कोपऱ्यात गणपतीची शाडू निघाली.

"तुज्या पोटात सगळा पेण तालुका हाय गो," त्या मला म्हणाल्या, "पन नातीकडं जायाचं तर न्हायाला पायजे." आणि मग हळूच, "ती चालाय लागली, आन मी फोनच्या काचेवरनं हात फिरवतेय."

मला न्यायचं त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. गिरजाबाई आत होत्या, दिना पेणला गेला होता. महिपती मागच्या वालाच्या शेतातून आला. रुमालात मातीचं ढेकूळ, त्यातच दोन शेंगा. इकडं तिकडं बघत त्यानं ती पुरचुंडी स्टेपनीखाली सारली आणि डिकी लावून म्हणाला, "माफ कर गो. आता तुज्यावरच हाय."

बघा माणसाचं! जन्मभर मला पुसली, आणि आता मलाच नापास करायला निघाला. राग आला मला. पण डिकीवरचा त्याचा हात लवकर उचलेना, म्हणून राग टिकला नाही.

संध्याकाळी गिरजाबाई शेवटचा हात फिरवायला आल्या. बायकांचा शेवटचा हात म्हणजे शेवटचा नसतोच. त्यांनी स्टेपनी उचलली. रुमाल बघितला. त्याची शिवण त्यांचीच. त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याला हाक मारली, पुढच्या सीटवर बसवलं, आपण शेजारी बसल्या आणि काचा वर केल्या.

"ही माती चालत आली व्हय स्टेपनीखाली?"

महिपतीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"आवो, मी तुमाला इचारतेय. येयाचं नाय तर त्वांडानं सांगा की. गाडीच्या आड का लपताव?"

"पोराला नाय कसं म्हनू गिरजे? येवढा धडपडला माज्यापायी. आनि तू... तुजा जीव नातीत."

"हायच माजा जीव नातीत. मला जायाचं हाय, तुमाला नाय. दोन मान्सं हायेत, दोन मनं असायचीच. त्यात चोरी कसली?"

बराच वेळ दोघंही पुढच्या काचेतून आंब्याचा बुंधा बघत बसली, जशी काही गाडी चालू होती.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "कायमची नाय. सा म्हयनं ऱ्हाते, नातीला मांडीवर घेते आनि येते."

"मंग माजं जेवान?"

"भात टाकाय शिका. गिअर टाकताव तसा. घाय करायची नाय, आवाज ऐकायचा."

दिना आला तेव्हा महिपती स्वतः उतरून त्याच्यासमोर गेला. ती पुरचुंडी त्यानं पोराच्या हातावर ठेवली. "दिना, मला येयाचं नाय. गाडीचा वांदा काढला तो मीच. सरकारानं नाय म्हनावं म्हनून बसलो व्हतो, पन तुजं सरकार लय भलं निघालं."

दिनानं पुरचुंडी सोडून बघितली. रागावणार, असं वाटलं मला. हक्कच होता त्याचा. पण तो माझ्या बॉनेटवर बसला, शेंग फोडली, हिरवा वाल चघळत राहिला. मग म्हणाला, "बाबा, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी चिडलो असतो, एवढंच झालं असतं." आणि थोड्या वेळानं, "ब्रेक नवे हायेत. एकदम दाबू नका, नाकावर आपटाल."

मला वाईट वाटलं का? थोडं. बोटीत बसायचं मनात होतं. पण दिनाला आणि गिरजाबाईंना विमानतळावर मीच सोडलं. येताना शेजारची सीट मोकळी होती.

माझी ती परवानगी कधीच सरून गेली. अंगावर पुन्हा माती आहे, डिकीत पुन्हा भाताचा कोंडा आहे. तुम्हा माणसांना माझं एवढंच मागणं: घरातलं म्हातारं माणूस "अमकं नेत असाल तर येतो" म्हणालं, तर नियम वाचायला नंतर बसा. आधी त्याच्याजवळ बसून विचारा, यायचंय का. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही बोला हो. आमच्यासारख्या मुक्यांच्या खांद्यावर तुमचं 'नाही' ठेवू नका.

बरं, आता मला निघायचंय. गिरजाबाईंचं विमान आज येतंय. मध्ये एकदा फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "आनखी थोडं ऱ्हाऊ का?" महिपती "ऱ्हा की" म्हणाला होता, आणि त्या दिवशी त्याचा भात करपला. आज त्यानं दाढी केलीय, नवा सदरा घातलाय. आत बसलाय, पण चावी फिरवत नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून मला विचारतोय, "येल ना गो ती? का तिकडंच रमली?"

मला काय ठाऊक? त्यानं चावी फिरवली, तशी मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले.