दोन बोटं कमी

गोरक्षनाथाच्या पोरीने, पंकजाने दिवेलागणीला बांधावर तीन पायांचं यंत्र उभं केलं आणि पलीकडे गवत कापणाऱ्या सूर्यभानतात्याचा विळा जागच्या जागी थांबला.

तीन पायांचं यंत्र तात्याने आजवर एकदाच पाहिलं होतं, मोजणीवाल्याचं. त्या दुपारी भावकीतलं एक अख्खं लिंबाचं झाड या शेतातून त्या शेतात गेलं होतं. तात्याला धास्ती झाडाची नव्हती, दगडाची होती. गोरक्षनाथ ऊसतोडीला गेला की दोघांच्या हद्दीचा दगड चार बोटं त्याच्या रानात सरकायचा. बारा हंगामांत बरोबर दोन हात. तात्या याला चोरी म्हणत नसे. दगडाला जरा वळण लावलं, एवढंच.

"काय गं पंकजा, शाळा सोडून हितं काय मांडलंय?"

"दुर्बीन हाय तात्या. चांदाचा फोटो काढायचाय."

चांद तर फुकट दिसतोय, तात्याने मनात म्हटलं. त्याच्यासाठी कुणी एवढा खटाटोप करतं होय? आणि दुर्बिणीला डोळा लावायचा सोडून ही तर कॅमेरा जोडतेय! पंकजाने कॅमेऱ्याचं पुढचं भिंग काढलं, तिथे एक कडी फिरवून बसवली आणि कडीसकट कॅमेरा दुर्बिणीच्या नळीत घातला. फोटो म्हणजे पुरावा. तात्या गवत कापायच्या निमित्ताने बांधाला चिकटला.

पंकजाने शाळेतल्या सरांना फोन लावला. "सुनीलसर, कडी बसली, पन सगळं धूसरच दिसतंय. अजून आत सरकायला पायजे, जागाच कमी पडतीय. किती? आसंल दोन बोटं."

तात्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो मोठ्यांदा हसला. "दोनच बोटं? मला वाटलं, दोन हात धरता का काय!"

पंकजाने फोन कानावरून खाली घेतला.

"दोन हात कुठलं, तात्या?"

"आं? गवताचं म्हनलो. लई वाढलंय."

तिने गवताकडे पाहिलं. मग दगडाकडे. पिशवीतून कॅमेऱ्याची दोन बोटांची तूट भरून काढणारं एक छोटं भिंग काढून नळी आणि कॅमेऱ्याच्या मध्ये घातलं, चाक फिरवलं आणि तात्याला पडदा दाखवला. अर्धा चांद, कडेचे खड्डे एकूण एक मोजून घ्यावेत असे.

"एवढ्या लांबचं दिसतंय व्हय?" तात्याने विळा पाठीमागे धरला.

"व्हय की. मग जवळचं किती दिसंल?" पंकजा कॅमेरा पुसत म्हणाली. "उद्या दुपारी आबा येतेत कारखान्यावरनं. त्यास्नी बी दावते."

तांबडं फुटायच्या आत तात्या पहार घेऊन बांधावर हजर होता. गोरक्षनाथ आला तेव्हा दगड आपल्या जुन्या जागी उभा होता.

म्हणजे जवळजवळ. दोन हातांत दोन बोटं कमी. तेवढी कमी पडतात हे तर पोरीनेच आपल्या तोंडाने सांगितलं होतं; ती कशाला सोडायची?