फडताळाच्या दारावरचा तक्ता

मित्रांनो, माझा खालचा डावा कोपरा गायब आहे. तो उंदराने कुरतडलेला नाही. हेझल नावाच्या मुलीने दात येत असताना तो चावून चावून खाल्ला. ती मुलगी आता मोठी होऊन व्हँकुव्हरला दातांचीच डॉक्टर झाली आहे. मी मात्र जिथे टांगला गेलो तिथेच आहे, विनिपेगमधल्या एका स्वयंपाकघरात, फडताळाच्या दारावर. मी कोरियन मुळाक्षरांचा जुना तक्ता आहे. तुमच्याकडे कमळ आणि गवत दाखवून अक्षरं शिकवणारा तक्ता असतो ना, तसाच. माझ्यावर एकेका अक्षरासमोर एकेक चित्र आहे. फुलपाखरू, खार, लाल रेडिओ, टोपी, हत्ती, अगदी खालच्या ओळीत द्राक्षांचा घोस. चित्रांचे रंग उडाले आहेत, पण मी फाटलेलो नाही.

माझा जन्म देगू शहरातल्या एका छापखान्यात झाला. शाई वाळल्यावर अंगावर प्लास्टिकचा पातळ थर चढला आणि मी बाजारात आलो. तिथून मला ओकबुनबाईंनी उचललं. त्यांची धाकटी बहीण इनसुक लग्न करून कॅनडात गेली होती आणि तिला मुलगी झाली होती. ओकबुनबाईंनी मला गुंडाळून वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पुड्यांबरोबर खोक्यात घातलं. प्रवासभर मला तो खारट वास येत राहिला. अजूनही थोडा येतो.

इनसुकने मला या दारावर लावलं, लेकीसाठी आणि नवऱ्यासाठीही. नवरा व्हर्नन फ्रीसन, उंचापुरा, शांत माणूस, धान्याच्या कोठारांची यंत्रं तपासणारा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "छान आहे. सवड मिळाली की शिकतो." ही सवड पुढे चाळीस वर्षं मिळाली नाही. हेझल माझ्यावर बोट ठेवून शिकायची, पण शाळेत गेल्यावर बाई म्हणाल्या की घरी दोन भाषा बोललात तर पोरगी गोंधळेल. व्हर्ननला ते पटलं. इनसुकने लेकीशी कोरियन बोलणं थांबवलं. तिने माझ्या डोक्यावर एक खुंटी ठोकली आणि तिथे आपला एप्रन टांगायला सुरुवात केली. मला काढावं असं मात्र तिला कधी वाटलं नाही.

तरी ती माझ्यावरचे शब्द रोज बोलायची. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाण्याची डबी टांगलेली होती आणि एक खार ती रोज लुटायची. इनसुक काचेवर चमचा वाजवून ओरडायची, "दारामजुई! चोरटे!" व्हर्नन हसायचा. इतकी वर्षं तो खारीचा हा शब्द ऐकत होता, पण एकदाही त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, बाहेर बर्फ असताना, इनसुक गेली. ती सकाळ मी पाहिली आहे. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. रेडिओ चालू होता. खार आली, ती तिला रागावली, हसली. व्हर्ननने धुऊन दिलेली द्राक्षं तिने एकेक करून संपवली आणि डोळे मिटले. झोप लागली असं समजून व्हर्ननने रेडिओ हळूच बंद केला. ती झोप नव्हती.

ओकबुनबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे त्या अंत्यविधीला येऊ शकल्या नाहीत. आठवड्याने त्यांचा फोन आला. कोरियन दुकान चालवणाऱ्या नोबाई दुभाष्या म्हणून माझ्यासमोरच बसल्या होत्या. ओकबुनबाईंनी विचारलं, "ती कशी गेली? त्या सकाळी काय काय झालं?" नोबाई तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "थांबा. परक्या बाईसमोर मी रडणार नाही. वर्षश्राद्धाला मी येईन. तेव्हा जेबू स्वतः सांगतील." जेबू म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा.

व्हर्नन म्हणाला, "सांगा त्यांना, तोवर मी कोरियन शिकतो. माझ्या तोंडाने सांगेन."

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभराचा अवधी, दोन-चार वाक्यांचं काम आणि शिकवायला मी समोर हजर. वाटलं, आता आपले दिवस आले. इथून पुढचं आठवलं की माझा जीव नुसता चडफडतो.

या माणसाची एक खोड आहे. तो चौकशी केल्याशिवाय काही घेत नाही. बर्फ हटवायचं यंत्र घ्यायला त्याने आख्खा हिवाळा घालवला होता आणि तोवर फावड्याने बर्फ काढला होता. तीच गत इथे. आधी एक जाडजूड व्याकरण आलं. मग कुणीतरी म्हणालं ते जुनाट आहे, म्हणून दुसरं आलं. दुसऱ्यात सराव कमी, म्हणून सरावाचं तिसरं. मग शब्दांच्या पत्त्यांची पेटी, रंगीत पेनं, कानाला लावायचं महागडं यंत्र. फोनमध्ये एक हिरवं कासव आलं. रोज सकाळी ते टाळ्या वाजवायचं आणि व्हर्ननची हजेरी लावायचं. हजेरी चुकू नये म्हणून तो रोज पहिलाच सोपा धडा गिरवायचा. कासव खूश, व्हर्ननही खूश.

संगणकावर शिकवणाऱ्या शिक्षकांची तर रांगच लागली. प्रत्येकाचा एक तास घ्यायचा, गुण द्यायचे, पुढचा बघायचा. बुसानची एक तरुण मुलगी, सोल नावाची, शेवटी म्हणालीच, "आजोबा, तुम्ही शिकायला आलात की माझी मुलाखत घ्यायला?" मला ती मुलगी फार आवडली. व्हर्ननने तिला पाचपैकी तीन गुण दिले.

हेझलचा दर रविवारी फोन यायचा. व्हर्नन तो ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवून भांडी घासायचा.

"काय बाबा, कुठवर आलं?"

"पाया ठरवतोय. पाया चुकला की सगळं चुकतं."

"अरे, तू काय धरण बांधतोयस का? एक वाक्य बोल बघू."

"पद्धत निवडून झाली की बोलेन. घाई नको."

"मावशी मार्चमध्ये येणार आहे, बाबा. आणि मला तर काहीच येत नाही. येणार तरी कसं!"

व्हर्नन बराच वेळ एकच बशी घासत राहिला.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. कोरियन शिकणाऱ्या लोकांचं संगणकावर एक मंडळ आहे. व्हर्नन तिथे आधी प्रश्न विचारायचा, मग उत्तरं द्यायला लागला. कुठलं पुस्तक आधी घ्यावं, कुठलं नंतर, कोणाचं ध्वनिमुद्रण चांगलं, या सगळ्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. जगभरातून पोरं लिहायची, 'व्हर्नन सर, तुमच्यामुळे माझा वेळ वाचला.' तीच पोरं सहा महिन्यांत कोरियन बोलायला लागली. सरांना पाणी मागता येत नव्हतं.

पानगळीच्या सुमारास त्याने पुस्तकांची तुलना करणारा मोठा कागद तयार केला. उभ्या-आडव्या रेघा, हिरव्या-लाल खुणा. तो लावायला त्याला जागा हवी होती. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कागद थेट माझ्या तोंडावर ठोकला. कोरियन कशी शिकावी हे सांगणाऱ्या कागदाखाली मी, कोरियन मुळाक्षरं, अंधारात! रडावं की हसावं, तुम्हीच सांगा. त्यानंतर कागदाच्या कडेच्या फटीतून दिसेल तेवढंच मला दिसायचं, बाकी नुसतं ऐकू यायचं, पुस्तकांची खोकी फोडल्याचा आवाज आणि कासवाच्या टाळ्या.

मार्च आला. ओकबुनबाई आल्या, काठी टेकत, पण ताठ. हेझलही आली. श्राद्धाच्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मासा तळल्याचा, तिळाच्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला. इनसुक गेल्यापासून या घरात असा वास आला नव्हता. टेबलावर तिचा फोटो, वाफाळता भात, त्यात उभा खोचलेला चमचा. तिघांनी वाकून नमस्कार केले. मग तेच अन्न तिघांनी खाल्लं आणि बाई खुर्ची ओढून बसल्या.

"बोला, जेबू."

व्हर्ननने खिशातून कागद काढला. त्याने यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं आणि खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिले होते. तो घसा खाकरून वाचू लागला. शब्द कोरियनच असावेत, पण माझ्यासारख्या अस्सल तक्त्यालाही त्यातलं काही कळेना.

"काय वाचताय हे?" बाई म्हणाल्या. "बातम्या?"

व्हर्ननला तेही कळलं नाही. त्याने फोन पुढे केला. फोनमधली बाई गोड आवाजात काहीतरी बोलायला लागली. ओकबुनबाईंनी तो उचलून टेबलावर पालथा घातला. "माझ्या बहिणीचं मरण मी या डबीच्या तोंडून ऐकायचं? एवढ्या लांब आले ती याच्यासाठी?"

शब्द कळले नाहीत तरी आवाज सगळ्यांना कळला. हेझल म्हणाली, "बाबा, नोबाईंना बोलावू?" व्हर्ननने नकारार्थी मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते.

बाई उठल्या. अंगातला एप्रन सोडून त्या खुंटीला अडकवायला गेल्या. एप्रनचा बंद त्या तुलनेच्या कागदात अडकला, बाईंनी रागाने हिसडा दिला आणि कागद टर्रकन खाली आला.

मला लख्ख उजेड दिसला. समोर ओकबुनबाई होत्या. देगूच्या बाजारातल्या त्या तरुण बाई आता पार म्हाताऱ्या झालेल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हा अजून आहे?" त्यांनी माझा खाल्लेला कोपरा चाचपला. मग माझ्या एका चित्रावर बोट ठेवून त्या सहज म्हणाल्या, "दारामजुई."

व्हर्नन ताडकन उठला. "दारामजुई!" तो म्हणाला. हा शब्द त्याला येत होता. चाळीस वर्षं येत होता, फक्त तो आपल्याला येतो हे त्याला माहीत नव्हतं. तो माझ्यापाशी आला. त्याने खारीवर बोट ठेवलं, मग खिडकीकडे दाखवलं. ओट्यावरचा चमचा घेऊन काचेवर वाजवला आणि इनसुकसारखा ओरडला, "दारामजुई!" मग त्याने स्वतःच्या ओठांची टोकं बोटांनी वर ओढून दाखवली. ती हसली होती.

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

व्हर्ननने लाल रेडिओवर बोट ठेवलं. "रादिओ," बाईंनी सांगितलं. "रादिओ," तो म्हणाला आणि कान टेकवून ऐकत असल्याचं दाखवलं. मग तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, मान बाजूला टाकली. उठून पुन्हा माझ्यापाशी आला आणि माझ्या रेडिओच्या बटणावर दोन बोटं ठेवून ती हळूच फिरवली. बंद. तिची झोप मोडू नये म्हणून.

त्याचं बोट बराच वेळ तिथेच राहिलं. ओकबुनबाई मोठ्याने रडल्या. व्हर्ननही रडला आणि हेझल दोघांना धरून उभी राहिली. मी तक्ता, मला रडता येत नाही. नाहीतर मीही रडलो असतो.

मग डोळे पुसून बाईंनी एक प्रश्न विचारला. "काही खाल्लं होतं का तिने? की उपाशीच गेली?"

मित्रांनो, त्यांच्या लोकांत माणूस भेटला की आधी जेवलास का विचारतात आणि गेलेल्या माणसालाही ताट वाढून बसवतात. वर्षभर बाईंच्या घशात अडकलं होतं ते हेच. आणि व्हर्ननला ते कळलं नाही. तो बघत राहिला, हेझल बघत राहिली. उत्तर माझ्या खालच्या ओळीत होतं, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर! तो घोस बघ ना, व्हर्नन, वळून बघ! पण त्याने पाठ फिरवली आणि पुन्हा फोन शोधायला लागला. बाईंनी हात हलवला, राहू दे. काही दिवसांनी त्या देगूला परत गेल्या आणि तो प्रश्नही त्यांच्याबरोबर परत गेला.

त्यानंतर व्हर्ननने तो फाटलेला कागद चुलीत घातला. पुस्तकांची खोकी नोबाईंच्या दुकानात नेऊन दिली, एक पुस्तक तेवढं ठेवलं, तेही कुठलं ते न बघता. कासवाची हजेरी चुकली. सोलला फोन करून तो म्हणाला, "मुलाखत संपली. आता शिकव." आणि रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तो माझ्यासमोर उभा राहू लागला. चुकायचा, अडखळायचा, स्वतःवर चिडायचा. मीही चिडायचो. मंडळातली पोरं विचारत होती, सर कुठे गेले?

उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्याने ओकबुनबाईंना फोन लावला. आधी नीट पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "त्या दिवशीचा प्रश्न. परत विचारा."

बाईंनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं. काही खाल्लं होतं का तिने?

व्हर्नन माझ्याकडे वळला. या वेळी त्याला शोधावं लागलं नाही.

"फोदो," तो म्हणाला. द्राक्षं. "खूप. सगळी."

पलीकडून बाईंनी नाक पुसल्याचा आवाज आला आणि त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. 'गोड होती का?' असा तो प्रश्न होता. हा शब्द माझ्यावर नाही. व्हर्ननला तो आला नाही. पण त्याने फोन खाली ठेवला नाही, की कुठलं पुस्तक घ्यावं याचा विचारही केला नाही. तो म्हणाला, "हा शब्द येत नाही. तुम्ही शिकवा."

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी दारावर, एप्रनखाली, कागदाखाली माझ्यासारखा कोणीतरी टांगलेला असेल. उत्तम काय ते शोधत बसू नका. त्याच्यावरची धूळ पुसा आणि बोट ठेवा. तुमची वाट बघणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत.