जावयाचा रुसवा

सर आत आले तसा तिने घाईघाईने मॉनिटर बंद केला.

“छापून झाला?” त्यांनी टेबलावरच्या प्रबंधाकडे बघत विचारलं.

“चार प्रती. फक्त तुमच्या सह्या राहिल्यात.”

आठ वर्षं ती या खोलीत अडकली होती, एका ठिपक्यापायी. शेजारच्या दीर्घिकेतला हा ठिपका एक्स-रेमध्ये सगळे हिशेब मोडून झळकायचा आणि लहर फिरली की महिनोन्महिने मंदावायचा. खोलीतले सगळे त्याला ‘जावई’ म्हणत. जावई रुसला की तिचं काम ठप्प, आणि उजळला की सर म्हणणार, “आणखी एक वर्ष बघू या.” बरोबरचे केव्हाच नोकरीला लागले. धाकट्या बहिणीची मुलगी शाळेत जायला लागली. आईने तर फोनवर विचारायचंही सोडलं होतं. मग सलग तीन वर्षं जावई दिसलाच नाही, तेव्हा कुठे ‘तो विझला असावा’ एवढं सरांनी मान्य केलं आणि तिचा प्रबंध पुरा झाला. तो आज पाचच्या आत जमा झाला नाही, तर मिळालेली नोकरीही हातची जाणार होती.

आणि आज सकाळीच दुर्बिणीचा नवा डेटा आला. जावई परत आला होता, पूर्वी कधीच नव्हता इतक्या तेजाने. ते बघून तिने आधी घड्याळाकडे पाहिलं. आनंद वगैरे काही झाला नाही.

सरांनी पेन काढलं. तिला राहवेना.

“सर, एक दाखवायचं होतं.”

त्यांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“आपला जावईच?”

“हो.”

त्यांचा हात मॉनिटरच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी प्रती पुढे ओढल्या आणि एकामागून एक चारही ठिकाणी सह्या ठोकल्या.

“सर, पण पाचवं प्रकरण? त्यात तो विझला असं लिहिलंय.”

“मार्चपर्यंतच्या नोंदी, असं पहिल्याच पानावर लिहिलंयस ना? तिथवर ते खरंच आहे. पुढचं तोंडी परीक्षेत तूच सांग.”

“आधी बघा तरी एकदा.”

“नको,” त्यांनी प्रती तिच्या हातात कोंबल्या. “बघितलं तर मी तुला सोडणार नाही. निघ तू.”