सायवन की सायन्स?

आशागडच्या पाड्यावर दक्षा आली, तेव्हा सायवन गावाहून इथे सून होऊन आलेली लाडकी अंगणात नाचणी पाखडत होती आणि तिची मुलगी शितल मोबाइलवर अकरावीचा अर्ज उघडून बसली होती. अर्जात शाखेचा रकाना तेवढा कोरा होता आणि मुदत उद्या संपत होती. शितलला विज्ञान हवे होते. आजी बायजीचा हेका कला शाखेचा, आणि घरात शेवटचा शब्द बायजीचा. "तुझ्या आयनं अर्ध्यात सोडलं, तूही सोडशील," एवढाच तिचा युक्तिवाद. त्याला उत्तर होते. पण लाडकीने ते कधी दिलेच नव्हते.

दक्षा डहाणूची, विद्यापीठात संशोधन करणारी. मुलींचे विज्ञानशिक्षण मध्येच का थांबते, हा तिचा विषय. बायजीला कमी ऐकू येते हे ध्यानात येताच तिने आवाज चढवला.

"आजी, सुनेनं सायन्स का सोडलं?"

"सायवन? लगीन झालं, सोडलं! माहेर काय जन्माला पुरतं? तू नाय सोडणार?"

दक्षाने 'विवाह' या शब्दापुढे खूण केली. आधीच्या दहा प्रश्नावल्यांत तीच खूण होती. लाडकीची ही अकरावी प्रश्नावलीही निमूटपणे त्याच रांगेत जाऊन बसली.

शितल खुदकन हसली. "आजी, सायवन नाय गं, सायन्स!"

"मंग? दोन्ही सुटलंच ना?"

लाडकीही हसली असती. सतरा वर्षे ती अशीच हसत आली होती. लग्नापायी शिक्षण सुटले म्हटले की ऐकणाऱ्याला पटते, पुढे कोणी खोदून विचारत नाही. पण शितलचे बोट 'कला'कडे सरकलेले तिला दिसले. तिने सूप खाली ठेवले आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोडा ती खूण, मॅडम. लग्न दोन वर्षांनी झालं. सायन्स मी बारावीच्या दिवाळीआधीच सोडलं."

"मग का, ताई?"

"डहाणूच्या कॉलेजात प्रॅक्टिकल पाचला संपायचं आणि सायवनची शेवटची गाडी साडेचारला. नळीतनं थेंब थेंब सोडायचा, पाणी गुलाबी झालं की थांबायचं. माझं पाणी कधी गुलाबी झालंच नाही; त्याआधीच मी स्टँडकडे पळत असायचे. जर्नल अपुरं राहिलं. अपुऱ्या जर्नलवर परीक्षेला बसता येत नाही म्हणाले. मग घरी बसले."

दक्षाचे पेन थबकले. तिच्या छापील कारणांत विवाह होता, दारिद्र्य होते, 'मुलीची अनास्था'सुद्धा होती, गाडी नव्हती. "त्या दहाजणींकडे परत जायला हवं," ती पुटपुटली.

बायजी मात्र उसळली. "म्हंजे लगनानं नाय सुटलं? शिकती पोर चुलीशी बसवली म्हणून सतरा वरसं अख्खा पाडा माझ्या पोराला बोलतोय, आन् तू गप?"

"चुकलं, आई."

"चुकलंच!" म्हातारी नातीकडे वळली. "शितल, डहाणूवरनं इकडची रिक्षा कवा बंद होते?"

"सातपर्यंत मिळते, आजी."

"मंग बसलीस काय? तुला कुठं सायवन गाठायचंय? भर तो रकाना."

शितलने रकाना भरला. दक्षाने 'विवाह' खोडून 'इतर'पुढे लिहिले : साडेचारची गाडी.

लाडकीने सूप पुन्हा उचलले. "पोरी," ती मान वर न करता म्हणाली, "पाणी गुलाबी झालं की फोटो पाठव."