खारीच्या पेटीतला पाव्हणा

मित्रांनो, माझ्या चारही भिंती काचेच्या आहेत. त्यामुळे माझ्या पोटातले मला कधी लपवता आले नाही, आणि बाहेर घडणारे न पाहण्याची सोयही मला कुणी ठेवली नाही. जुन्या जालन्यात, मस्तगडला, अजमतभाईंचे चहाचे हॉटेल होते. त्या हॉटेलातली मी खारीची पेटी.

मला पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने घडवले. कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, वर बारीक भोकांचे तांबडे झाकण आणि मधोमध एक उभी काच. एका बाजूला खारी, दुसऱ्या बाजूला टोस्ट. त्या मधल्या काचेचे प्रयोजन इतकेच, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. सकाळच्या तिरप्या उन्हात खारीचे पापुद्रे उजळत. धान्याच्या दुकानांतले हमाल अंगावरची धूळ झटकत येत, माझ्या काचेवर बोट टेकवत आणि म्हणत, "ती, कडकवाली." संध्याकाळी अजमतभाईंच्या पत्नी चाँदबी ओल्या फडक्याने ते सगळे ठसे पुसून टाकत. आज वाटते, एखाद-दुसरा राहू द्यायला हवा होता.

एक सकाळ मात्र पुसली गेली नाही. केदारखेड्याहून आलेला एक तरुण मजूर हॉटेलाच्या पायरीवरच बसला आणि पिशवीतून स्वतःचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढून त्याने पुढे धरला. त्याने आजवर पाहिलेल्या हॉटेलांत त्याच्या लोकांचा कप बाहेर, खुंटीला टांगलेला असे. अजमतभाईंनी पेला हातात घेतला, पाहिला आणि त्याच्याच पिशवीत परत ठेवला.

"आत या, भाऊ. हितं कप सगळ्यांचे एकच."

त्या तरुणाचे नाव कचरू. त्या दिवशी त्याने बाकावर बसून, बशीत बुडवून, माझ्यातली पहिली खारी खाल्ली. पुढे तीस वर्षे तो बाजाराच्या दिवशी त्याच बाकावर बसला. अजमतभाईंनी आयुष्यात फारशा कशाचा अभिमान बाळगला नाही. पण "माझ्या हॉटेलात अलग कप कधी राह्यला न्हाई," हे वाक्य ते जपून ठेवलेल्या अत्तरासारखे मधूनच उघडत.

मग पुड्यांतली बिस्किटे आली आणि माझ्याकडे टेकणारी बोटे कमी झाली. मग ते टाळेबंदीचे वर्ष आले. चाँदबींना ताप भरला. त्या चौदा दिवस गच्चीवरच्या खोलीत एकट्या राहिल्या. हॉटेलाचे दार लागले ते पुन्हा उघडलेच नाही. मी गच्चीवरच्या पत्र्याखाली जाऊन पडले. माझ्यात कपड्यांचे चिमटे आणि गंजलेले खिळे भरले गेले. खारीचा वास एखाद्या जुन्या पत्रातल्या शाईसारखा विरत गेला.

गच्चीवर माझ्या शेजारी एक कूलर होता. एका उन्हाळ्यात अजमतभाईंनी त्याची जाळी उघडली, तर ओलसर वाळ्यात तीन झाडबेडूक बसलेले: मातकट पिवळे, पाय पोटाशी घेतलेले, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्यांनी जाळी हलकेच परत लावली. त्या दिवसापासून कूलर बेडकांचा झाला. त्यात मनीप्लँटची कुंडी आली, पाण्याची परात आली. सर्वांत थोराड मादीचे नाव बडी बी, रुबाबात बसणारा तो नवाब आणि कोपऱ्यातला तो गुमसुम.

"वा! मेंढकों कू कूलर, और हमकू हातपंखा!" चाँदबी म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातली झुरळे पकडून डबीत जमवू लागल्या.

गेल्या भाद्रपदात कचरूभाऊ मोसंबीची पाटी घेऊन आले. वर एक प्लास्टिकची डबी होती.

"अजमतभाई, तुमच्या कूलरातल्या मंडळीला पाव्हणा आणला. बागेतून पाटीतच बसून आल्ता. म्हन्लं, ह्याला तुमच्याच घरचा चहा पाजावा."

अजमतभाईंची मुलगी तरन्नुम परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकते. फोनवर तिने बजावले, की नवा बेडूक पहिला महिनाभर इतरांपासून दूर ठेवा. त्याच्या कातडीवर काय रोग असेल ते डोळ्यांना दिसत नाही. अजमतभाईंनी ऐकून घेतले. मग त्यांनी कचरूभाऊंकडे पाहिले. त्या माणसाने आणलेल्या पाहुण्याला, त्याच्याच डोळ्यांदेखत, वेगळे भांडे दाखवायचे? त्यांनी कूलरची जाळी उघडली आणि पाहुण्याला थेट परातीशी सोडले.

मित्रांनो, मी हे सारे पाहत होते. मला ओरडता आले असते, तरी मी ओरडले नसते. मलाही ते बरोबरच वाटले होते.

तेराव्या दिवशी नवाब भर दुपारी उघड्यावर बसलेला दिसला. त्याची कातडी जुन्या रंगासारखी सुटत होती. दुसऱ्या सकाळी तो परातीत उताणा होता. पाहुणा आणि बडी बी दोघांनीही खाणे सोडले. तरन्नुमने फोटो पाहिले आणि स्पष्ट सांगितले: आजारी दोघांना आजच बाजूला काढा, नाहीतर कूलर रिकामा होईल.

अजमतभाईंनी फोन खाली ठेवला. "जिंदगीभर किसी कू अलग नै बिठाया," ते म्हणाले.

चाँदबी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळूनही पाहिले नाही. "मैं नै रही थी चौदा दिन अलग? इसी वास्ते आज तुमारे सर पे बैठी हूँ. और तुम दरवाजे के बाहर कुर्सी डालके चाय पीते थे. भूल गए?"

अजमतभाई उठले. त्यांनी माझ्यातले चिमटे आणि खिळे ओतून काढले, मला गरम पाण्याने तीनदा विसळले आणि उन्हात ठेवले. इतक्या वर्षांनी मला हात लागला. एका बाजूला पाहुणा, दुसऱ्या बाजूला बडी बी. मधल्या काचेचे प्रयोजन मला त्या दिवशी कळले.

खाली ओला पांढरा कागद, रोज बदललेला. दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडालेले पाणी. परभणीहून आलेल्या औषधाच्या पाण्यात रोज पाच मिनिटांची अंघोळ. आधी कूलरमधल्या गुमसुमचे पाहायचे, मग आजाऱ्यांचे. प्रत्येक वेळी हातमोजे नवे. हे सगळे अजमतभाई हॉटेल चालवावे तशा शिस्तीने करत. आणि काम संपले, की लोखंडी खुर्ची माझ्याजवळ ओढून चहा घेत बसत. बशीतली वाफ माझ्या काचेवर धरायची आणि विरायची.

आठव्या दिवशी बडी बीने झुरळ गिळले. पाहुणा मात्र कागदासारखाच निश्चल. अजमतभाई त्याच्याकडे पाहत आणि कचरूभाऊंचा फोन आला, की "ठीक है," एवढेच म्हणत.

अखेर कचरूभाऊ न कळवताच आले. गच्चीवर चढले आणि मला पाहून थबकले. खारीची पेटी त्यांनी ओळखली होती. अजमतभाई घाईने उभे राहिले. चोरी पकडली जावी तसे.

"कचरूभाऊ, तुमच्या पाव्हण्याला... अलग ठेवावं लागलं."

कचरूभाऊ वाकले. त्यांनी आत पाहिले, मग खुर्चीकडे, मग खुर्चीखालच्या फरशीवर पडलेल्या चहाच्या गोल डागांकडे. डाग पुष्कळ होते.

"अजमतभाई, त्या खुंटीवरच्या कपाजवळ कुनी असं बसत नव्हतं," ते म्हणाले. "दुसरी खुर्ची हाये का?"

दोघे बसले. चाँदबींनी चहा आणला, आणि कुठून तरी, बशीत दोन खारी. दिवेलागणीला माझ्या आतून आवाज आला: टक्, टक्, टक्. कुणी आत येऊ का विचारावे, तसा. पाहुणा काचेला चिकटून उभा होता, गळा फुगवून. माझी काच थरथरली. हॉटेलात कपबश्या वाजत तेव्हा थरथरे तशी.

आता तो आणि बडी बी दोघेही कूलरमध्ये आहेत. नवाबची जागा रिकामीच आहे. मी पुन्हा पत्र्याखाली आहे, पण धुतलेली. नवा कुणी आला, तर तो आधी माझ्याकडे येईल. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दुखणाईत झाले आणि त्याला बाजूला ठेवावे लागले, तर जरूर ठेवा, लाजू नका. फक्त काचेजवळची खुर्ची उचलू नका.