दोघांचा एकच पत्ता

सकाळी तिने दोन रुग्णालयांची नेटवर्क एकमेकांना जोडली आणि दुपारच्या जेवणाआधीच नणंदेचा फोन आला. नणंद गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या रुग्णालयाच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. उगाच फोन करणाऱ्यांतली नव्हे.

"अगं, रिपोर्ट कधीचा तयार आहे, पण ऑपरेशनवाल्यांच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. बाई टेबलावर आहे, रक्तस्राव थांबत नाहीये."

"फोनवर सांगून टाका ना, ताई."

"रक्तगट तोंडी सांगायचा नसतो. ऐकण्यात चूक झाली तर जीव जाईल."

रुग्णालयाचे बरेचसे संगणक आता क्लाउडमध्ये, भाड्याच्या यंत्रांवर होते. कुठला निरोप कुठे जायचा, हे वायरींवर नव्हे, तिने लिहिलेल्या मार्गांवर ठरायचं. तिने मार्गांची यादी उघडली आणि चूक लगेच दिसली. नव्या रुग्णालयासाठी तिने संगणकांच्या पत्त्यांचा जो गट दिला होता, त्यातच प्रयोगशाळेचाही पत्ता येत होता. ऑपरेशन थिएटर रिपोर्ट मागत होतं आणि ती मागणी भलत्याच रुग्णालयाचं दार ठोठावत होती. तिथे ओ द्यायला कोणी नव्हतं.

"जोडच तोडून टाक," शेजारचा सहकारी म्हणाला.

"खबरदार!" साहेब मागून ओरडले. "तिकडेही ऑपरेशन चालू आहे. आपल्याकडचे स्कॅन बघत बघत करताहेत ते."

इकडे आड, तिकडे विहीर. जोड न तोडता प्रयोगशाळेचा निरोप तेवढा वळवायला हवा होता. एकाच पत्त्याला दोन मार्ग जुळले, तर जो जास्त नेमका असेल तोच चालतो. तिने फक्त प्रयोगशाळेच्या एका पत्त्यासाठी वेगळा मार्ग लिहिला. एक आकडा चुकला तर दोन्हीकडचं बंद पडायचं.

"खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला दुसरं काही सुचतंय?"

तिने बटण दाबलं.

"ताई, विचारा त्यांना, दिसतंय का," ती चालूच असलेल्या फोनवर म्हणाली.

"नाही गं. काहीच नाही."

मग एकदम लक्षात आलं. "पुन्हा मागायला सांगा त्यांना! आधीची मागणी वाटेतच हरवली."

फोनवर नणंद दुसऱ्या कुणाशी तरी बोलत राहिली. मग म्हणाली, "मिळाला. रक्त चढवताहेत."

तिने फोन ठेवला, पण खुर्चीतून उठली नाही. असे आणखी किती पत्ते जुळत असतील? सहकाऱ्याला जवळ बसवून तिने दोन्हीकडचे पत्ते एकेक करून ताडून पाहिले. अतिदक्षता विभागाचं एक यंत्र सापडलंच. त्यालाही तिने वेगळा मार्ग दिला.

संध्याकाळी पुन्हा फोन.

"शुद्धीवर आली ती. तू जेवलीस?"

"नाही अजून."

"मग जेव आधी. आणि घाबरू नकोस, माझ्या भावाला यातलं काही सांगितलेलं नाही. तो उगाच सल्ले देत बसेल."