पंज्यातला दोष

“इतकं आवळून धरू नका, विल्फ. नुसती बोटं टेकवा,” विद्यापीठातली संशोधक रोवेना म्हणाली.

विल्फ टायसनने हातातल्या दांड्यावरची मूठ सैल केली. हातभर जाडीच्या पिवळट काचेपलीकडे, जिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही अशा खोलीत, विद्यापीठातून आलेला नवा यांत्रिक पंजा खाली झुकला आणि त्याने किरणोत्सारी कचऱ्याचा डबा अलगद उचलला. डबा जराही हलला नाही. विल्फने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो नेहमीसारखा थरथरत होता.

वर्षभर त्याने हे लपवलं होतं. इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या या किनाऱ्यावर त्याचा बाप, चुलता, सगळे अणुभट्टीच्या कामातच राबले; हात थरथरतो म्हणून घरी बसणं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. परवा जुन्या पंज्यातून डबा निसटला तेव्हा त्याने सरळ ठोकून दिलं, “पंजा सैल झालाय.” काही पडलं की आधी पंजा खोलून तपासायचा, माणसाला मग विचारायचं, ही इथली रीत. त्यामुळे विल्फला कुणी काही विचारलंच नाही. त्याचा जोडीदार, मिस्त्री नॉर्मन, मात्र तेव्हापासून तो पंजा धुऊन, खोलून बसला होता.

रोवेनाच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. विल्फच्या हाताची करवतीच्या दात्यांसारखी, नव्या पंज्याची सरळ. त्याने त्या पाहिल्या, आणि त्याने पाहिल्या हे तिनेही पाहिलं.

“यंत्र थरथर गाळून टाकतं,” ती हळूच म्हणाली. “हा पंजा तुम्ही बिनधास्त चालवा. मी कुणाला काही बोलणार नाही.”

विल्फचा जीव भांड्यात पडला. चहाच्या खोलीत तो जवळजवळ शीळ घालतच शिरला.

“ये, लेका! आवडलं का खेळणं?” नॉर्मनने काठोकाठ भरलेला मग पुढे सरकवला. विल्फने हात लावला नाही. हल्ली तो चहा गार झाल्यावर, कुणी नसताना प्यायचा.

“जुन्याचं काय झालं रे?”

“भंगारात जाणार. सगळा खोलला, काही सापडेना. इतकी वर्षं पोरासारखा सांभाळला मी तो.” नॉर्मन हसायला गेला, पण ते जमलं नाही. “साहेब म्हणतो, तुझी नजर गेली आता. सोमवारपासून गोदामात बस.”

विल्फला स्वतःची लाज वाटली. आता गप्प राहिलं की सगळं निभावणार होतं, आणि तेच त्याला सहन होईना.

“पंज्यात काही दोष नाही, नॉर्मन.”

“मग कशात आहे?”

विल्फने उजव्या हाताने मग उचलला. थरथर आवरायचा प्रयत्नही केला नाही. चहा काठावरून सांडला, त्याच्या बाहीवर आला, टेबलावर पसरला.

“गाढवा,” नॉर्मन म्हणाला. “मला तरी सांगायचंस.”

“साहेबाकडे मीच जातो.”

“जा. आधी चहा पी.”

नॉर्मनने फडक्याने टेबल पुसलं. मग किटली उचलून त्याने दुसरा मग भरला, पण अर्धाच, आणि तो विल्फपुढे ठेवून जुना पंजा जोडायला निघून गेला.